आमच्या घरापुरता उपास

मास्तरांनी कपावर पंजा उपडा ठेवला आणि म्हणाले, "आज आमचा उपास आहे, बाई."

त्यांच्या शेजारी मास्तरीणबाई होत्या. त्यांनीही मान हलवली. मग पुढच्याने. मग त्याच्या पुढच्याने. माय ट्रे घेऊन एकेकासमोर वाकत गेली आणि ट्रे तसाच भरलेला परत आला. आठ कप. चहावर साय धरली होती. मी अकरा वर्षांची होते, दाराच्या चौकटीला टेकून उभी.

यवतमाळहून आर्णीकडे जाताना आमचं गाव लागतं. तिथल्या चर्चच्या मंडळीत चाळीसेक घरं. दर बुधवारी दुपारी एका घरी प्रार्थनासभा व्हायची, पाळीपाळीने. गाणं, वचन, प्रार्थना, मग चहा आणि काहीतरी खायला. त्या दिवशी आमची पाळी पहिल्यांदा आली होती.

आम्ही मांगवाड्यातले. बाप डफडं वाजवायचा. बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्याला ते सोडायला सांगितलं. त्याने सोडलं. दीड वर्षात तो गेला. मागे माय आणि मी. मंडळीतली बाकी घरं जुनी, तीन-चार पिढ्यांपासूनची ख्रिस्ती. कोणी शिक्षक, कोणी नर्स, कोणी कचेरीत. त्यांचे पणजोबा कोणत्या वाड्यातून आले होते हे त्यांना कोणी विचारत नव्हतं. मास्तर गावातल्या शाळेचे हेडमास्तर आणि मंडळीचे मुख्य पंच. पाळक बदलून जायचे, मास्तर तिथेच.

मायने विचारलं, कशाचा उपास. मास्तर समजावून सांगत होते, शाळेत सांगत तसं, सावकाश. नव्या घरासाठी नुसती प्रार्थना पुरत नाही. सैतान अशा घराचा पिच्छा लवकर सोडत नाही. म्हणून या घरापुरता आम्ही उपास धरतो. मायने ट्रे खाली ठेवला आणि हात जोडले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एवढी मोठी माणसं, आणि आपल्यासाठी उपाशी.

कपबश्या आमच्या नव्हत्या. शेजारच्या जमिलाखालाच्या होत्या. तिचा नवरा मोटारसायकली दुरुस्त करायचा. संध्याकाळी माय कप परत द्यायला गेली तेव्हा खाला म्हणाली, "तेरे मेहमान लोग चाय सूंघ के जाते क्या?" मायने मोठ्या अभिमानाने उपासाचं सांगितलं. उरलेल्या चहाचं पातेलं खालाने चुलीवर चढवलं, आम्ही तिघींनी तो प्यायला.

त्याआधी एक गोष्ट झाली होती. ती मी सत्तावीस वर्षं कोणाला सांगितली नाही.

सभा उठली आणि मास्तरांचं गीतांचं पुस्तक आमच्या सतरंजीवर राहिलं. मायने मला पळवलं. मास्तरांचं घर दोन गल्ल्या पलीकडे. मी पोचले तेव्हा सगळे त्यांच्या पडवीत बसले होते. तेच आठ जण. मधे परातीत भजे, बाजूला चहा. आमच्या घरून निघून त्यांना अर्धा तासही झाला नव्हता.

मास्तरीणबाई बोलत होत्या. "मले तर तिथं श्वासही घेववत नाही. खुंटीवर डफडं अजून लटकून राह्यलं. चामड्याचा वास येते. चहा कसा उतरन गळ्याखाली?"

मास्तर भजं मोडत म्हणाले, "प्रभूले उपास आवडते. आपल्याले भजे."

सगळे हसले. एक जण ठसका लागेपर्यंत हसला. मग त्यांनी मला पाहिलं.

कोणी दचकलं नाही, कोणाची नजर खाली गेली नाही. मास्तरीणबाई उठल्या, पुस्तक माझ्या हातून न घेता पायरीवर ठेवायला सांगितलं. वर्तमानपत्राच्या तुकड्यात चार भजे घातले आणि वरून माझ्या ओंजळीत सोडले. मग खाली वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "मायले सांगजो नको. तिचा विश्वास कच्चा आहे अजून. डगमगला, तर त्याचं पाप तुले लागन."

मी भजे खाल्ले. रस्त्यातच, उभ्याने, चारही. भूक लागली होती.

घरी गेल्यावर मायने विचारलं, काय करत होते वं सगळे? मी म्हणाले, बसले होते.

दुसऱ्या बुधवारी मायने सकाळपासून काही खाल्लं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "ते आपल्यासाठी उपाशी राह्यतात, अन् आपण जेवावं? लाज नाही का वाटत?" तेव्हापासून दर बुधवारी तिचा उपास. आमची पाळी वर्षातून एकदा यायची. मायचा बुधवार दर आठवड्याला. बाकीच्यांच्या घरी सभेला गेलो की तिथे चहा फिरायचा, पोहे फिरायचे. आम्हाला दाराजवळ बसवत, पुढ्यात वेगळे ठेवलेले स्टीलचे पेले. माय पेला माझ्याकडे सरकवायची. त्या घरांना उपासाची गरज नाही, ती जुनी घरं आहेत, असं ती मला सांगायची. आपलं घर अजून नवं आहे.

सत्तावीस वर्षं आमचं घर नवंच राहिलं.

मायला वाचता येत नव्हतं. दिवेलागणीला मी तिला बायबल वाचून दाखवायची. तिचा देव फार जवळचा होता. कापूस वेचायला जाताना ती त्याच्याशी बोलायची, सरीत कुठे साप असेल तर बाजूला कर, एवढ्या साध्या भाषेत. भात शिजला की झाकण काढण्याआधी डोळे मिटायची. शनिवारी चर्च झाडायला जायची, त्याचा मोबदला तिने कधी मागितला नाही आणि कोणी दिला नाही. बाकं पुसताना प्रत्येक बाकावर बसणाऱ्याचं नाव घेऊन प्रार्थना करायची. मास्तरांचं बाक पहिलं. तिथे ती जास्त वेळ थांबायची. मी खिडकीत पुस्तक घेऊन बसलेली असायची. मला ते बघवायचं नाही. मी पान उलटायची.

बायबलमध्ये उपासाबद्दल एक जागा आहे. लोकांना दाखवायला उपास करणाऱ्यांबद्दल. ती पानं आली की मी दोन पानं एकदम उलटायची. मायला कळायचं नाही. मला भीती होती, ती विचारेल, असे लोक असतात का वं. आणि मला उत्तर द्यावं लागेल.

मी शिकले. आता यवतमाळच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे, शहरालगत लोहाऱ्याला भाड्याच्या खोलीत राहते. मायला किती वेळा म्हटलं, चल. तिचं एकच, चर्च कोण झाडन? चार वर्षांपूर्वी तिला साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावलं, गोळी घेतली की खाल्लंच पाहिजे. उपाशी राहायचं नाही, एक दिवससुद्धा. माय हो म्हणाली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "डाक्टराले काय माहीत आपला उपास कोणाशी आहे ते."

तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. माय, त्यांनी कधीच उपास धरला नव्हता. एवढंच. एसटी स्टँडच्या बाकावर आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. तिने माझा हात धरला होता. मी बोलले नाही. मला वाटलं, एवढ्या वर्षांची तिची उपासमार मी एका वाक्यात मातीत घालणार. मास्तरीणबाईंचं ते पाप चौतिसाव्या वर्षीही माझ्या मानेवर बसलेलं होतं. ग्रंथालयात हजारो पुस्तकं माझ्या हाताखालून गेली. त्यांनी मला हे एक वाक्य बोलायला शिकवलं नाही.

या वर्षी एका बुधवारी सकाळी मायने गोळी घेतली. खाल्लं काही नाही. अकराच्या सुमारास नळावर पडली. जमिलाखालाने पाहिलं, तिच्या मुलाने गाडी काढली, यवतमाळला आणलं. माय शुद्धीवर आली नाही. शनिवारी गेली. चर्च झाडायच्या दिवशी.

खाला दवाखान्यात मला म्हणाली, "पेट में कुछ नहीं था, बेटी. मैं बोली थी उसको, रोटी खा ले. बोली, आज बुधवार है."

मातीनंतर तिसऱ्या दिवशी सांत्वनाची सभा आमच्या घरी ठेवली. तेच घर, तीच सतरंजी. मास्तर आता पंच्याहत्तरचे. मास्तरीणबाईंचे गुडघे गेलेत, त्यांच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आणली. नवे तरुण पाळक होते. वचन मात्र मास्तरांनीच दिलं.

ते मायवर बोलले. बराच वेळ बोलले. अशी उपासाची बाई या मंडळीत झाली नाही, म्हणाले. शिकलेल्या माणसाले जमत नाही ते या अडाणी बाईने केलं. तिचा कित्ता सगळ्या बायांनी गिरवावा. बाया डोळे पुसत होत्या. मी भिंतीला टेकून बसले होते आणि माझ्या आत काहीतरी अगदी शांत होत चाललं होतं.

शेवटचं गाणं झालं. जमिलाखालाने स्वयंपाकघरातून चहा पाठवला. तीन दिवस आमच्या घरी चूल नव्हती, सगळं तिच्याकडूनच येत होतं. मी उठले. ट्रे मी घेतला. पहिल्यांदा मास्तरांसमोर वाकले.

मास्तरांनी कपावर पंजा उपडा ठेवला. "आज आमचा उपास आहे, बाई. तुझ्या मायसाठी."

मी ट्रे त्यांच्यासमोरच खाली ठेवला आणि तिथेच बसले. माझा आवाज चढला नाही. मला आवाज चढवता येत नाही.

"मास्तर, सत्तावीस वर्षांमागं मी तुमच्या पडवीत आली होती. पुस्तक द्यायले. तुम्ही भजे खाऊन राह्यले होते. माय त्या दिवसापासून दर बुधवारी उपाशी राह्यली. बुधवारीच पडली. आता सांगा, उपास कोणाचा होता?"

मास्तरीणबाई पदराशी चाळा करत राहिल्या. तरुण पाळकांनी हात पुढे केला, कप उचलला, मास्तरांकडे पाहिलं आणि कप परत ट्रेमध्ये ठेवला. ते मी पाहिलं. तो हात किती वर गेला होता तेही पाहिलं.

मास्तर म्हणाले, "दुःखात माणूस काहीही बोलते. आपण हिच्यासाठी प्रार्थना करू." आणि त्यांनी डोळे मिटले. सगळ्यांनी मिटले. प्रार्थना सुरू झाली, हे प्रभू, या भरकटलेल्या लेकराला...

"डोळे उघडा," मी म्हणाले. "या घरात ज्याले पाणी चालत नाही, त्याची प्रार्थनाही चालत नाही."

आपल्या मंडळीत प्रार्थना कोणी मधेच तोडत नाही. मी कधी ऐकलं नव्हतं. मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं, आमेनपर्यंत पोचलं नाही. मग त्यांचा चेहरा बदलला. इतकी वर्षं सावकाश बोलणारा माणूस झटक्यात बोलला.

"तुमच्यासाठी काय नाही केलं? नाव दिलं. मंडळीत घेतलं. तुझी माय मातीत गेली ते आमच्या कबरस्तानात. अन् कपाचं काय घेऊन बसली?" मग पुन्हा हेडमास्तरांच्या आवाजात, "हे पाय, तू शिकलेली आहे. यवतमाळले मोठमोठी चर्चं आहेत. तिथं तुले बरं वाटन. इथं कायले एवढ्या दूर येतं?"

ते उठले. सगळे उठले. चपला शोधण्याची गडबड झाली. एकही माणूस मागे राहिला नाही. हे मी मुद्दाम लिहिते. एक तरी राहिला, असं कोणी नंतर सांगू नये.

त्या रात्री मी ती उलटलेली पानं उघडली आणि मोठ्याने वाचली. ऐकायला कोणी नव्हतं. मायचा देव माझाही आहे. तिने उपाशी पोटी त्याच्यावर ठेवलेला भरवसा फुकट गेला का, हे मी कोणत्याही पाळकाला विचारणार नाही. त्यालाच विचारेन, रोज, भाताचं झाकण काढण्याआधी. तो उत्तर देईपर्यंत मी विचारणं थांबवणार नाही. माझा भरवसा असा आहे. मायसारखा गोड नाही.

आणि माझ्यावर जे आहे ते मी कोणावर ढकलणार नाही. ते खोटं बोलले. मी गप्प बसले. माय दोन्हींच्या मधे मेली.

रविवारच्या उपासनेत वचनाआधी साक्षीची वेळ असते. कोणीही उभं राहून बोलू शकतं. माणसं आजारातून उठल्याचं सांगतात, मुलीचं लग्न जमल्याचं सांगतात. माय कधी उभी राहिली नाही, तिला बोलावलं गेलं नाही. येत्या रविवारी मी पहिल्या एसटीने जाणार. साक्षीला उभी राहणार. वर लिहिलंय तेवढं सगळं वाचणार, माझ्या चुपीपासून सुरुवात करून. माईक बंद केला तर बिनमाईकचं. गाणं सुरू केलं तर गाणं संपेपर्यंत उभी राहीन आणि राहिलेलं वाचेन. त्याच्या पुढच्या रविवारीही जाईन, त्याच्याही पुढच्या.

मी यवतमाळच्या कुठल्याही चर्चमध्ये जाणार नाही. माझं नाव त्या मंडळीच्या यादीत आहे. ते मी काढून घेणार नाही. काढायचं असेल तर मास्तरांनी काढावं, आणि का काढलं ते सगळ्या बाकांसमोर उभं राहून, डोळे उघडे ठेवून सांगावं.