मोळीचा दगड

शर्मिला ओव्हाळांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या घाणेरीच्या जाळीत कमरेपर्यंत शिरल्या होत्या आणि हातात कोयता धरून एका पोराला झापत होत्या. "फोटो नंतर. आधी ती फांदी ओढ. फोटोनं वाट मोकळी होत नाही." बाई मला लगेच आवडल्या. मी सदाशिव पेठेतली, आम्हाला गोड बोलणाऱ्यांचा मुळातच संशय येतो.

डोंगरातल्या बुजलेल्या पायवाटा दर रविवारी साफ करायच्या, असा आमचा ग्रुप. म्होरक्या रविराज, हिंजवडीत कामाला. उत्साह दांडगा, ऐकून घ्यायची सवय कमी. बाकी सगळी त्याच्याच वयाची पोरंपोरी आणि त्यांच्यात आम्ही दोघी निवृत्त बाया. मी शाळेतली, शर्मिलाताई विमा कंपनीतल्या. वारज्याला फ्लॅट, घरात त्या आणि त्यांची आई, चंद्रभागाबाई. लग्न का केलं नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "आधी शिकायचं होतं, मग भावांना शिकवायचं होतं, मग कुणी विचारलंच नाही. तुमचं करून काय झालं?" मला गप्प बसवणारी माणसं पुण्यात फार नाहीत. त्या दिवशी बसले.

ही वाट त्यांनीच ग्रुपला सुचवली. वारज्यापलीकडच्या डोंगराआड त्यांची मूळ वस्ती. चंद्रभागाबाई तिथून लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन डोंगर ओलांडायच्या आणि शहरात विकायच्या. त्या मोळ्यांवर शर्मिलाताईंची शाळा झाली. आता मोळीचं असं असतं, की ती डोक्यावर चढवायला दुसरं माणूस लागतं. एकट्या बाईनं दम खायला खाली टाकली, तर परत उचलून कोण देणार? गावातल्या बायांच्या मदतीला गावातल्या बाया असत. ओव्हाळांच्या मोळीला हात लावणारं त्या वाटेवर कुणी नव्हतं. म्हणून शर्मिलाताईंच्या वडिलांनी, दशरथांनी, चढाच्या मध्यावर एक दगड उभा रोवला. डोक्याच्या उंचीचा, वरून सपाट. मोळी त्यावर सरकवायची, त्यालाच पाठ टेकून घाम पुसायचा आणि मग मोळीखाली डोकं घालून चालू लागायचं. कुणाचे उपकार नकोत.

"आईला एकदा त्या दगडापाशी न्यायचंय," शर्मिलाताई मला म्हणाल्या. "आणि हा कुणी रोवला, कशासाठी रोवला, ते चार माणसांसमोर सांगायचंय. बाबांच्या नावानं दुसरं काही उभं नाही हो."

तेवढ्यासाठी दोन हिवाळे त्या राबल्या. हाताला घट्टे पडले, गुडघा सुजला. दगड सापडला तेव्हा वेलींनी पार गिळला होता. वेली कापून झाल्यावर त्यांनी त्याला पाठ टेकली आणि हमसून रडल्या. पोरं गोंधळून इकडेतिकडे बघत राहिली.

मग रविराजनं शहाणपणा केला. वाट चुकू नये म्हणून आम्ही ठिकठिकाणी दगडांवर पांढरे बाण काढतो. पांढरा रंग संपला होता. पठ्ठ्यानं घरी उरलेला केशरी ऑइलपेंट आणला आणि, लांबून दिसावा म्हणून, अख्खा दगड रंगवून टाकला. आमच्या देशात उभा दगड केशरी रंगवायचा आणि वर म्हणायचं, नुसती खूण आहे!

पुढच्या रविवारी गेलो तर दगडापुढे नारळ फुटलेला. त्याच्या पुढच्या रविवारी हळदकुंकू, उदबत्ती आणि हिरवा खण. पायथ्याची जमीन संभाजीशेठची, तिथे त्यांचे प्लॉट पाडायचे चालले होते. त्यांना तर स्वप्नात दृष्टान्तच झाला. देव आला की रस्ता येतो, रस्ता आला की भाव येतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

शर्मिलाताई तारेचा ब्रश आणि थिनर घेऊन आल्या. रविराज आडवा आला. "मॅडम, प्लीज. लोकांच्या भावनांचा प्रश्न आहे."

"आणि माझ्या?"

"तुमच्याही आहेतच. पण तुम्ही एकट्या आहात ना."

बघा, इतकं खरं तो पहिल्यांदाच बोलला असेल. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. पण पोरांनी माना खाली घातल्या आणि ब्रश पिशवीत परत गेला. शर्मिलाताई एवढंच म्हणाल्या, "आईला आणते. वाटेच्या उद्‌घाटनाला मला दोन मिनिटं बोलू द्या." रविराजनं कबूल केलं.

उद्‌घाटनाला मांडव, स्पीकर, गुलाल, सगळं संभाजीशेठचं. चंद्रभागाबाई पांढऱ्या साडीत, लेकीच्या हाताला धरून, थांबत थांबत दगडापर्यंत चढल्या. रंग बघून जरा थबकल्या. मग वळल्या आणि जुन्या सवयीनं पाठ टेकायला गेल्या.

"आजी, आजी, नको!" संभाजीशेठची सून शेफाली लगबगीनं पुढे आली. पोरगी वाईट नाही, बोलली अगदी गोड. "टेकू नका हं, देव आहे. आणि चप्पल प्लीज तिकडे काढा."

म्हातारी म्हणाली, "बाई, ह्यो माझ्या मालकानं रवलाय. मोळी ठेवाया."

"हो का? म्हणजे स्थापना त्यांनी केली? किती लकी!" शेफालीनं वाकून म्हातारीला नमस्कारसुद्धा केला.

संभाजीशेठनं माईकवर हात ठेवला. "रवलाय-बिवलाय काय न्हाई, आजी. स्वयंभू हाय." मग हात काढून तेच माईकवरून सगळ्यांना सांगितलं. टाळ्या पडल्या. शर्मिलाताई पुढे झाल्या, तर रविराज कुजबुजला, "मॅडम, आज नको. पुढच्या रविवारी आपल्या आपल्यात करू."

ज्यांच्या मोळीला कुणी हात लावत नव्हतं, त्यांनाच आता दगडाला हात लावायची बंदी. संताप संताप झाला माझा. मी तोंड उघडलं, पण शर्मिलाताईंनी मनगट दाबलं. आईला आधी खाली न्यायचं होतं.

आम्ही दोघींनी म्हातारीला धरून उतरवलं. अर्ध्या वाटेत, दोन्ही बाजूंना छाटलेल्या घाणेरीकडे बघत ती म्हणाली, "कशाला गं साफ केलीस? काट्यात व्हता तवर आपला व्हता."

शर्मिलाताई पुन्हा ग्रुपबरोबर आल्या नाहीत. चंद्रभागाबाई त्याच उन्हाळ्यात गेल्या.

पाऊसकाळ सरल्यावर रविराजनं ग्रुपवर टाकलं: दगडाकडच्या टप्प्यात घाणेरी पुन्हा माजलीये, वाट दिसेनाशी झालीये, रविवारी कोण कोण येणार? पोरांनी पटापट अंगठे टाकले. त्यांच्याखाली, कित्येक महिन्यांनी, शर्मिलाताईंचं उत्तर आलं.

"वाढू दे."