ह्यांचं ‘पण’ आणि माझा खोकला

घरात लहान लेकरू असलं की धुवायचे कपडे कधी संपतात का? एक बादली वाळत घालून मागे वळावं, तर दुसरी भरलेली! आमच्या शॉपमधल्या किश्श्यांचं तसंच आहे. एक कुणाला सांगून होत नाही तोवर दुसरा तयार. माझी मावसबहीण म्हणते, “तू लिहून काढ गं, तेवढाच तुझ्या डोक्याला आराम.” म्हणून बसले.

आमचं शॉप जळगावच्या एमआयडीसीत. थंड खोल्या बनवायचं काम. म्हणजे दुधासाठी, भाजीपाल्यासाठी, आणि सगळ्यात जास्त केळीसाठी. कच्ची केळी खोलीत लावायची, बेताचा थंडावा आणि बेताचा गॅस सोडायचा, चार-पाच दिवसांत घड पिवळाधमक! आमचे हे आणि त्यांचा कॉलेजातला दोस्त किरणभाऊ, दोघं मिळून हे चालवतात. दोघंही डिप्लोमावाले. हात असे की बंद पडलेलं मशीन नुसतं ह्यांना बघून सुरू होईल. पण तोंड उघडलं की आलेलं काम उठून जातं!

मी शॉपवर फोन उचलते. टेबलाशेजारी परीची झोळी बांधलेली असते. परी म्हणजे आमची लेक, दीड वर्षाची. मी एका हाताने फोन धरते आणि दुसऱ्या हाताने तिचा श्वास चालू आहे का बघते. हे म्हणतात, “अगं, तिला झोपू दे.” पण झोपलेल्या लेकराचाच तर भरवसा नसतो!

* * *

चोपड्याकडचे एक आबा आले होते. डोक्याला फेटा, केळीचे मोठे बागायतदार. त्यांनी साधंच विचारलं, “केळी पिकतीन ना भाऊ?”

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, “पिकतील आबा, बसा, चहा घ्या.” आमचे हे म्हणाले, “पिकतील, पण...”

ह्यांचं ‘पण’ सुरू झालं की मी मागे घरात जाऊन कुकर लावून येते. पण लाईट गेली तर काय होईल. पण गॅस जास्त सुटला तर केळी कशी काळी पडतील. पण दाराचं रबर फाटलं तर. पण सेन्सरने खोटं तापमान दाखवलं तर. पण उंदराने वायर खाल्ली तर! उंदीर कुठून कसा शिरेल तेही ह्यांनी कागदावर काढून दाखवलं. उंदराला मिशासुद्धा काढल्या.

आबा शांतपणे ऐकत होते. शेवटी उठले आणि फेटा सारखा करत अहिराणीत म्हणाले, “भाऊ, पोरनं लगन जमाडाले गऊ, आन नवरदेव सोताना आजार सांगी राहिना, आसं व्हयनं हाई! माले केळी पिकाडनी शे. तू त मना बठ्ठा माल सडाडाना इचार करी राहिना!”

आणि चहा न घेता गेले. खानदेशात माणूस चहा न घेता गेला म्हणजे विषय संपला!

त्या दिवशी ह्यांनी मला सांगितलं, “चाकणच्या कंपनीतून बोलावणं आलंय. दिवाळीआधी एक मोठं काम मिळालं नाही, तर शॉप किरणच्या हवाली करतो आणि मी जातो. तुम्ही दोघी आईजवळ राहा.” मी भांडी घासली. घासलेलीच परत घासली.

* * *

किरणभाऊ म्हणाले, “वहिनी, आपलं काम चांगलं आहे, फक्त बोलणं कच्चं आहे. त्याचा कोर्स असतो.” आणि खरंच, एका हॉटेलच्या हॉलमध्ये शिबिर होतं. ‘तांत्रिक लोकांनी कस्टमरशी कसं बोलावं’. शिकवणारे सर टाय लावलेले. दोघं दिवसभर बसून आले आणि बदलूनच आले!

सरांनी सांगितलं होतं, कस्टमरच्या डोळ्यांत बघून हसायचं. हे घरी सराव करायला लागले. मी परीला भरवत होते आणि हे समोर बसून माझ्या डोळ्यांत बघत दात दाखवत होते. पापणी लववत नव्हते. परीने असं भोकाड पसरलं की शेजारच्या काकू लाटणं घेऊन धावत आल्या.

किरणभाऊंनी वेगळंच उचललं. सर म्हणाले होते, कस्टमर बोलताना मध्ये तोंड घालायचं नाही, ऐकायचं. यावलकडच्या एका खेड्यातले डेअरीवाले नाना आले. ते मुळात कमी बोलणारे. किरणभाऊ ऐकायला बसले. नाना किरणभाऊ बोलतील म्हणून बसले. चहा झाला. परत चहा झाला. पंख्याचा आवाज तेवढा होता. शेवटी नाना उठले आणि जाता जाता मला हळूच म्हणाले, “ताई, माणूस देवमाणूस आहे. मुका असला म्हणून काय झालं!”

पुढच्या आठवड्यात त्यांच्याच गावातला दुसरा डेअरीवाला आला. आल्या आल्या त्याने किरणभाऊंना दोन्ही हातांनी हवेत गाईची धार काढून दाखवली! किरणभाऊ पडले भिडस्त. समोरचा इतकं मनापासून करतोय, त्याला लाजवायचं कसं? त्यांनीही कुडकुडून थंडी करून दाखवली. त्याने हात पसरून टाकी केवढी ते दाखवलं. किरणभाऊंनी मान हलवली. आणि काम ठरलं की! आमच्या शॉपच्या इतिहासात इतक्या झटपट कुणी हो म्हटलेलं नाही. हातवाऱ्यात ‘पण’ म्हणता येत नाही ना!

मशीन बसवायला गेले तेव्हा बिचारे दिवसभर मुके राहिले. संध्याकाळी हातोडी अंगठ्यावर बसली. “आई गंऽऽ!”

अख्खं गाव गोळा झालं. “बोलला रे बोलला!” कुणी गुलाल आणला, कुणी बँडवाल्याला उठवलं. मशीनसमोर नारळ फुटला.

आजही त्या गावात मशीन बिघडलं की फोन येत नाही. माणसं नारळ घेऊन येतात.

* * *

सरांनी आणखी एक सांगितलं होतं. समजा लिफ्टमध्ये मोठा कस्टमर भेटला, तर त्याचा मजला यायच्या आत आपलं काम सांगून झालं पाहिजे.

“जळगावात लिफ्ट किती?” किरणभाऊ म्हणाले, “आणि आपले कस्टमर तर सगळे ओट्यावर बसलेले असतात.”

पण ह्यांनी मनावर घेतलं. परीच्या लसीसाठी आम्ही दवाखान्यात गेलो. तिथे लिफ्ट होती. मी म्हटलं, “जिन्याने जाऊ, लिफ्ट अडकली तर?” हे म्हणाले, “अडकली तर उलट बरं, वेळ मिळेल!”

आत स्ट्रेचरवर एक आजोबा झोपलेले. शेजारी त्यांचा मुलगा, गळ्यात सोन्याची चेन. ह्यांनी त्याच्या डोळ्यांत बघितलं, हसले आणि पाठ केलेलं धडाधड म्हणून टाकलं, “नमस्कार! आम्ही थंड खोल्या बनवतो. तुमची कुठलीही वस्तू आत ठेवा, आठवडाभर वास नाही, रंग बदलणार नाही. एकदा ठेवली की काळजी मिटली!”

मुलाने ह्यांच्याकडे बघितलं. मग वडिलांकडे बघितलं.

आजोबांनी एक डोळा उघडला. “ए भाऊ! मी हर्नियाचं ऑपरेशन करायला आलोय फक्त!”

हे म्हणाले, “हो, पण...”

मी ह्यांना शर्ट धरून आमचा मजला यायच्या आधीच बाहेर ओढलं.

* * *

मग धुळ्याहून फोन आला. फळांचे मोठे व्यापारी, मारवाडी सेठजी. एक नाही, ओळीने खोल्या बांधायच्या होत्या. किरणभाऊंना फोनवर घाम फुटला. हे काम मिळालं तर चाकण रद्द, नाहीतर ह्यांची बॅग तयारच होती. मी ती कपाटावर ठेवली होती, हात पोचणार नाही अशी.

मी म्हटलं, “अहो, तुम्ही सगळं बोला. फक्त ‘पण’ म्हणू नका.”

“ते मला कळत नाही गं, आपोआप येतं.”

मग ठरलं. हे ‘पण’ म्हणाले की मी खोकायचं, म्हणजे ह्यांनी गप्प व्हायचं. घरी रोज सराव. किरणभाऊ सेठजी व्हायचे, लोडाला टेकून बसायचे. हे बोलायचे, मी परीला मांडीवर घेऊन खोकायची. “खोली छान होईल, पण...” “खॉक!” “गॅस सुरक्षित आहे, पण...” “खॉक!”

थोड्याच दिवसांत परीला खोकला लागला. ताप नाही, सर्दी नाही, मध्येच “खॉक!” माझा जीव उडाला. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, ओवा भाजून छाती शेकली, शेवटी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं.

“छाती एकदम स्वच्छ आहे. पण...”

“खॉक!”

“आत्ता तर काहीच नव्हतं. पण मग हा...”

“खॉक!”

डॉक्टरांनी परत नळी लावली. हे पडद्यामागे तोंडात रुमाल कोंबून हसत होते. मला हसू येईना. मी म्हटलं, “डॉक्टर, एक्स-रे काढू या का?”

* * *

धुळ्याला जायच्या दिवशी सासूबाईंचा गुडघा धरला, म्हणून परीलाही न्यावं लागलं. पारोळ्याला तिने बसमध्ये माझ्या नव्या साडीवर उलटी केली आणि मग गाढ झोपली. मी त्याच साडीत सेठजींच्या पेढीवर गेले. पांढरी गादी, वर तसबिरी, खाली सेठजी. किरणभाऊ भिंतीला चिकटून बसले. मी परीला मांडीवर घेऊन कडेला.

सेठजी म्हणाले, “बोलो भाऊ. खोली चांगली चालेल ना?”

“चालेल. पण...”

“खॉक!” मी.

“चालेल,” हे म्हणाले.

“लाईट गेली तर?”

“काही होणार नाही. पण...”

“खॉक! खॉक!”

“अरे, भाभींना पाणी आणा,” सेठजी म्हणाले. पाणी आलं. मग आल्याचा चहा आला. मग सेठजी स्वतः उठून खिडकीजवळ जाऊन बसले, माझ्यापासून लांब. हे घामाने निथळत होते, आणि सगळ्याला एकच, “काही होणार नाही.”

सेठजींनी हळूच वही मिटली. “माझं चुकलं वाटतं. चोपड्याचे आबा माझे जुने मित्र. ते म्हणाले होते, जळगावला एक येडा आहे, आधी बिघाडच सांगत बसतो. मी त्याला बोलावलं होतं. काही होणार नाही म्हणणारे माझ्या दारात रोज येतात.”

 कपाटावरची बॅग डोळ्यांसमोर आली.

“अहो, ते येडे हेच आहेत!” मी ओरडले. “सांगा ना हो! उंदीर सांगा!”

आणि ह्यांनी सांगितलं! जणू धरणाचं दार उघडलं. लाईट, रबर, सेन्सर, गॅस, आणि मिशांसकट उंदीर. सेठजी पुढे सरकत सरकत परत गादीवर आले. जेवणाची वेळ टळली. किरणभाऊंना डुलकी लागली.

“एवढं बिघडतं?” सेठजी म्हणाले. “मग तुमच्या घरी फ्रीज तरी आहे का?”

“नाही,” हे म्हणाले. “माठ आहे.”

सेठजींना ठसका लागला. आता पाणी त्यांना.

“झालं का सगळं?”

“एक राहिलं,” हे खाली बघत म्हणाले. “सगळ्यात मोठा बिघाड मीच आहे. मोठं काम मिळालं नाही तर मी चाकणला नोकरीला चाललोय. मग शॉपमध्ये एकटा किरण उरतो.”

किरणभाऊ जागे झाले.

“हा बिघाड दुरुस्त होतो का?” सेठजींनी विचारलं.

“होतो,” हे म्हणाले. “तुम्ही काम दिलंत तर.”

 चहाच्या कपांचा आवाज झाला आणि परी मांडीवर जागी झाली. डोळे चोळत तिने समोरच्या बशीतलं बिस्कीट उचललं. मी तिच्या नाकाशी हात नेऊन श्वास बघितला. मग माझा स्वतःचा श्वास धरला.

सेठजी मिशीतल्या मिशीत हसले.

“ठीक आहे. काम तुमचं. पण...”

“खॉक!”

सेठजींनी परीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी वर पंख्याकडे बघत बसले.

“पण...”

“खॉक! खॉक!”

“बरं बाई,” सेठजी म्हणाले, “काम तुमचं.”