डेमोची गाडी घेऊन आईकडे

आमच्या ह्यांना मला गाडीवर मागे बसवून न्यायची भारी हौस. पोचवायची मात्र नाही. दिवेआगरहून दिघीच्या जेटीवर जायला अर्धा तास पुष्कळ झाला. आम्हाला दोन लागतात. वाटेत खताचं दुकान असतं, सुपारीचा व्यापारी असतो, कुणीतरी नवी बोअर मारलेली असते आणि ती ह्यांनी बघितल्याशिवाय तिला पाणी लागत नाही. मी आपली मागे बसून पिशवी सांभाळते.

माझं माहेर खाडीपलीकडे. दिघीला गाडीसकट बोटीत चढायचं, आगरदांड्याला उतरायचं, की पुढे वीस मिनिटांवर आईचं घर. आई तिथे एकटी. भाऊ पनवेलला, कंपनीत. सांगायला इतकं सोपं, पण लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी मी आईकडे तासाभराच्या वर कधी टेकलेच नाही. पोचायलाच दुपार व्हायची, आणि चहा संपला की हे घड्याळाकडे बघून खाकरायला लागायचे. कारण संध्याकाळी घरी पाहुणे. आमच्या चार खोल्या आम्ही पर्यटकांना देतो आणि त्यांचं जेवण मी करते. एसटी आहे म्हणा, पण तिच्या वेळा आणि जेटीच्या वेळा यांचं जन्मात कधी जमलं नाही.

मला एक अख्खा दिवस आईजवळ बसायचं होतं. एकटीने, कुणी खाकरल्याशिवाय. एवढ्यासाठी बाईमाणसाला मोटरसायकल विकत घ्यावी लागते हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं.

खरं तर मी ह्यांच्या मागे बसून माणगावच्या शोरूममध्ये गेले होते ती विजेवरची स्कूटर बघायला. मी घरी करून विकते त्या आगळ-आमसुलांचे पैसे साठले होते, पण ते स्कूटरला पुरेनात. मग तिथल्या पोराने कोपऱ्यातली विजेवरचीच मोटरसायकल दाखवली. डेमोची, म्हणजे गिऱ्हाइकांना चालवून बघायला ठेवलेली. नवं मॉडेल आल्यामुळे ही स्वस्तात काढायची होती. गिअर नाही, क्लच नाही, मूठ पिळली की चालली. मी लहानपणी भावाची दांड्याची सायकल चालवलेली. माझ्या मनात ती तिथेच बसली.

पोरगा बोलायला हुशार. मला "मॅडम, बसा" म्हणाला, थंड पाणी दिलं आणि गाडीची सगळी माहिती ह्यांना सांगितली. बॅटरी किती वर्षं टिकेल, मी विचारलं; उत्तर ह्यांना मिळालं. चार्जिंगला किती वेळ, तेही मीच विचारलं. ह्यांनी मान डोलावली. शेवटी मी पर्स उघडली तेव्हा त्याला माझा चेहरा दिसला.

"वापरलेली गाडी हाय ती," बाहेर येऊन हे मला म्हणाले. "अख्ख्या तालुक्याने चालवलीय."

"आपल्या गाद्यांवर कोण झोपतं?" मी म्हटलं. "पाहुण्यांना नव्या म्हणूनच देतो ना?"

मग घरी येईपर्यंत हे बॅटरीला आग कशी लागते ते सांगत राहिले.

गाडी दारात आली त्या दिवशी वेगळाच पेच पडला. आमच्याकडे नवी गाडी आली की घरची बाई गाडीला कुंकू लावते, चालवणाऱ्याला ओवाळते, मग नारळ फुटतो. पण घरची बाईच गाडीवर बसलेली. सासूबाई गेल्यापासून ओवाळायला दुसरं कुणी नाही. शेजारीण अलिबागला गेलेली. मी तशीच निघणार होते, पण न ओवाळता गाडी बाहेर काढलेली ह्यांना चालेना. तेव्हा हेच तबक घेऊन आले. लग्नात, दिवाळीत, भाऊबीजेला जन्मभर ओवाळून घेतलेला माणूस. तबक धरलं ते पाहुण्यांना चहाचा ट्रे नेल्यासारखं. कुंकू आधी गाडीच्या दिव्याला लावलं, मग आरशाला, मग थोडा विचार करून मला. ओवाळताना दिशा दोनदा चुकली. मला हसू आवरेना, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

पण गाडीच्या दोन्ही अंगांना "टेस्ट राइड" असं हातभर मोठ्या अक्षरांत चिकटवलेलं होतं. शोरूमवाले काढून देतो म्हणाले होते. काढायला गेले तर खालचा रंगच निघायला लागला, म्हणून मग त्यांनी ते "आत्ता राहू दे" केलं. मी बाजारात गाडी लावली रे लावली की कुणीतरी यायचं, "ताई, एक चक्कर मारू का?" मी नाही म्हटलं तर रागवायचे, म्हणजे गाडी जशी काही सरकारने सगळ्यांसाठी ठेवलीय. निम्म्या लोकांनी ती आधीच चालवली होती. ग्रामसेवक म्हणाले, मागचा ब्रेक जरा उशिरा लागतो हं. मासळीवालीचा नवरा म्हणाला, मी म्हसळ्यापर्यंत नेली होती, चढाला दमत नाही. गाडी माझी, पण तिचा स्वभाव माझ्याआधी तालुक्याला ठाऊक. महिनाभर मी गावातल्या गावात चालवली, दोनदा वाळूत पडले, आणि त्यातलं एकदा कुणी पाहिलं नाही.

मग एका मंगळवारी, खोल्या रिकाम्या असताना, मी सकाळीच निघाले. ह्यांना सांगितलं, जेवण झाकून ठेवलंय, संध्याकाळी येते. "मी येतो ना सोडायला," म्हणाले. म्हटलं, नको. दिघीला मी पंचवीस मिनिटांत पोचले. कुणाचीही बोअर बघितली नाही. बोटीवरचा माणूस ओरडत होता, "ताई, गाडी चालू करा आणि वर घ्या," आणि मी त्याच्यासमोरून फळीवर चढलेसुद्धा. त्याने वाकून गाडीखाली बघितलं, धूर कुठे निघतो ते. खाडीवर वारा होता. मला इतका आनंद झाला होता की मी बाजूच्या टेम्पोवाल्याला, ओळख ना पाळख, सांगितलं की मी आईकडे चाललेय.

आईकडे जायचं म्हणजे कसं, ते सांगते. वळणावर आमची गाडी फटफटली की तिला कळायचं, जावई आले. आम्ही आवारात शिरेपर्यंत ती दारात उभी. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर, एक हात चौकटीवर. आत खुर्ची पुसून ठेवलेली, जावयासाठी. आम्ही बसलो की ती समोर भिंतीला टेकून बसायची, आणि मी "उठू नको, चहा मी करते" म्हटलं की हो म्हणायची. तब्येत विचारली तर ठरलेलं उत्तर, "मला काय धाड भरलीय?" मला ते खरंच वाटायचं. सगळ्यांना सांगायची मी, माझी आई ह्या वयात कशी खणखणीत आहे.

त्या दिवशी वळणावर काहीच वाजलं नाही. मी आवारात आले, गाडी आंब्याखाली लावली, दारात गेले. दारात कुणी नव्हतं.

आई आत जमिनीवर होती. पडलेली नव्हती. बसल्या बसल्या खुरडत चुलीकडे चालली होती. दोन्ही हात टेकायचे, अंग पुढे ओढायचं, थांबून श्वास घ्यायचा, मग बाजूची पेजेची वाटी उचलून हातभर पुढे ठेवायची. पुन्हा हात टेकायचे. ह्या सगळ्याचा तिला सराव होता. अंगावर विटलेलं, गुडघ्यावर झिजून भोक पडलेलं पातळ.

"आई," मी म्हटलं.

तिने आधी डोक्यावर पदर घेतला. मग माझ्या मागे बघितलं. "जावय कुठं हायत?"

"नाही आले. मी एकटीच आलेय."

तिने ती वाटी उगाचच मागे सरकवली, जशी काही लपवायला. मला वाटलं रडेल. पण ती रागावली. "आवाज करून यायचं ना गो, बाय."

मी खाली तिच्याजवळ बसले. कधीपासून, विचारलं. दोन पावसाळे झाले, म्हणाली. शेजारणीला शपथ घातली होती, पोरांना कळवायचं न्हाय म्हणून. मला तिचा राग आला, त्याहून माझा आला. सव्वीस वर्षं वाटेत उशीर करतात म्हणून मी ह्यांच्या नावाने खडे फोडले, आणि हातात मिळालेल्या त्या तासाभरात मी तरी काय बघितलं? चौकटीवरचा हात मला माया वाटला होता. त्या हातावर ती उभी होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"कवा सांगू?" ती म्हणाली. "तू कवा एकटी आलीस?"