अडीच इंचांची मंडळी

पिस्तूल झाडलं की रिकामी पुंगळी बाजूला उडते आणि नेमबाजीची रेंज झाडताना कचऱ्यात जाते. रिव्हॉल्व्हरचं तसं नाही. त्याच्या पुंगळ्या आतच राहतात. सिलेंडर उघडून आपण ढकललं की सगळ्या एकदम हातात येतात, अजून कोमट असलेल्या. आमच्या क्लबातल्या किश्शांचं असंच झालंय. इतकी वर्षं आत साठले. मला चारचौघांत बोलायला जमत नाही, म्हणून कुणाला सांगितले नाहीत. आज लिहून टाकतो.

क्लब जर्मनीत, हॅनोव्हरच्या बाहेर, बीटच्या शेतांमध्ये. तिथे शंभरेक सभासद. त्यातल्या चौघांना बाकीचे हसायचे, कारण या चौघांना वेड होतं आखूड नळीच्या, मोठ्या बोअरच्या रिव्हॉल्व्हरचं. नळी जेमतेम अडीच इंच आणि काडतूस मात्र अंगठ्याएवढं! बार काढला की हातभर ज्वाळ निघते, मनगटाला हिसका बसतो, आणि गोळी कुठे जाईल ते तिचं तिला माहीत. बाकीच्या सभासदांची लांब नळीची नाजूक हत्यारं होती. ते म्हणायचे, "तुम्हाला टार्गेट कशाला हवं? गोठ्याचं दार टांगा!"

चौघांत एक माझे बाबा. मशीन टूल्सच्या कंपनीत डिझाइन इंजिनियर. दुसरा डीटर, सत्तरीचा, निवृत्त टर्नर, क्लबातला सगळ्यात पक्का नेमबाज. तिसरी रेनाटे, जिची बेकरी आहे. चौथा ऊवे, कस्टममधून निवृत्त झालेला. तो रेंजवरचा आउफझिश्ट, म्हणजे लक्ष ठेवणारा माणूस. क्लबात सगळे एकमेकांना एकेरीत बोलतात. सत्तरीच्या माणसाला नुसतं "डीटर" म्हणायला मला वर्ष लागलं.

बाबांना एकदा कुणीतरी विचारलं, "तू इंजिनियर माणूस, तुला हे बेभरवशाचं हत्यार कसं काय आवडतं?"

बाबा म्हणाले, "आठवडाभर मी मायक्रॉनमध्ये जगतो. शनिवारी वीतभर चुकायला मिळतं!"

*

मी तेराव्या वर्षी जर्मनीत आलो आणि सोळाव्या वर्षी शाळा सोडली. भाषा येईपर्यंत वर्ग पुढे निघून गेला होता. बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त माझ्याशी कामापुरतं बोलायला लागले.

अठरा पूर्ण झाल्यावर ते मला क्लबात घेऊन गेले. रेंजवर कानांवर मफ्स असतात, कुणी कुणाशी बोलत नाही. मला ती जागा पहिल्या दिवशीच आवडली.

पहिला बार मी डीटरच्या रिव्हॉल्व्हरने काढला, ऊवे शेजारी उभा असताना. हिसका असा बसला की मी डोळे मिटूनच उभा राहिलो. डोळे उघडले तर टार्गेट कोरं. छताच्या फळीतून मात्र थोडा भुसा पडत होता.

"चला," डीटर छताकडे बघून म्हणाला, "पाऊस आला तर आता कळेल."

मग कॉफीच्या टेबलावर त्याने बाबांना विचारलं, "मुलगा काय करतो?"

बाबांनी साखर ढवळली. म्हणाले, "काही नाही. शिकला नाही."

"मी चौदाव्या वर्षी लेथवर उभा राहिलो," डीटर म्हणाला. "हात दाखव रे." मी दाखवले. त्याने घोड्याचे खूर बघावेत तसे ते उलटेपालटे केले आणि रेनाटेला म्हणाला, "तुझ्याकडे कणकेला माणूस हवा होता ना?"

सोमवारी मी बेकरीत कामाला लागलो. त्या शनिवारी क्लबातून घरी येताना गाडीत बाबा एवढंच म्हणाले होते, "टेबलाखाली हात नको लपवत जाऊस. लोकांना दिसू देत."

*

खंडेनवमीचा किस्सा आईमुळे घडला.

आई दरवर्षी हत्यारांची पूजा मांडते. बाबांची मोजायची पट्टी म्हणजे व्हर्नियर, लॅपटॉप, गाडीची किल्ली, तिची सुरी. झेंडू शेजारणीच्या बाल्कनीतून मागून आणते. त्या वर्षी ती म्हणाली, "अहो, घरात खरं शस्त्र असताना पट्टीला काय हळद वाहायची? काढा ते तिजोरीतून!"

बाबांनी काढलं, उघडून रिकामं असल्याचं तिला दाखवलं आणि पाटावर ठेवलं. आईने अगदी मनापासून पूजा केली. हळद, कुंकू, अक्षता, वर दूध-साखरेचा नैवेद्य. बाबा शेजारी हात जोडून उभे. पुसायला मात्र दोघंही विसरले.

शनिवारी ऊवेने नेहमीप्रमाणे रिव्हॉल्व्हर तपासायला घेतलं. सिलेंडर उघडला तर लाल बोटं! तो पांढराफटक पडला. चाळीस वर्षं कस्टममध्ये काढलेला माणूस!

"हे... रक्त आहे?"

"नाही," बाबा म्हणाले, "देवाचं आहे."

मग हळद निघाली. मग तांदळाचे दाणे. डीटरने अख्खी दुपार बसून ते रिव्हॉल्व्हर सुटं केलं, ब्रशने एकेक खाच साफ केली, आणि बाबांनी सगळी पूजा समजावून सांगितली तरी तो काही बोलला नाही. आम्हाला वाटलं, राग आला.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला बेल वाजली. दारात डीटर. कोट, टाय, हातात कुलूपबंद पेटी. आईला म्हणाला, "माझ्या रिव्हॉल्व्हरचीसुद्धा पूजा. पण तांदूळ नको."

तेव्हापासून आई त्याला भावजी म्हणते. त्याला अर्थ माहीत नाही. पण हाकेला ओ देतो.

*

यात हसण्यासारखं काही नाही, पण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

एका शनिवारी बाबांच्या हातून काडतूस निसटलं. मी उचलून दिलं, पुन्हा निसटलं. तिसऱ्यांदा त्यांनी रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं, माझ्याकडे न बघता ते सरकवलं आणि म्हणाले, "तू भर." दर शनिवारी मग मीच भरायला लागलो. इतरांना वाटायचं, बाप पोराला शिकवतोय.

मला आनंद झाला होता, हे कबूल करतो. बाबांनी माझ्यावर सोपवलेलं ते पहिलंच काम होतं.

काही आठवड्यांनी गाडीत मी धीर करून विचारलं, "बाबा, बाकीच्यांसारखं लांब नळीचं का नाही घेत? निशाण तरी लागेल."

बाबांनी पुढच्या सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाले, "डॉक्टर म्हणतात पार्किन्सन्स आहे. आईला अजून सांगितलेलं नाही."

त्यांचा उजवा हात गियरवर होता, आणि गियर आपोआप हलल्यासारखा दिसत होता.

"लांब नळीने मारलं ना, की माणसाचा हात कागदावर उमटतो," ते म्हणाले. "आखूड नळीत सगळ्यांचाच हात थरथरतो. माझा वेगळा दिसत नाही. ऊवेला कळलं तर तो नेमबाजीच्या नोंदीच्या पुस्तकात सही करणार नाही. सही नाही तर परवान्याचं कार्ड गेलं. कार्ड गेलं की शनिवार गेला."

मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. सिग्नल कधीच हिरवा झाला होता.

मी ऊवेला सांगायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण दर शनिवारी मी काडतुसं भरत राहिलो. पाचच, मोजून.

*

दोन हजार तीनमध्ये नवा नियम आला. क्लबाच्या दारावर ऊवेने स्वतः कागद चिकटवला: तीन इंचांपेक्षा आखूड नळी यापुढे नेमबाजीच्या खेळात चालणार नाही.

चौघं कॉफीच्या टेबलावर बसले, मधे चार रिव्हॉल्व्हर, घरात कुणी आजारी असल्यासारखे. बाबांनी व्हर्नियर काढला. अडीच. डीटरचं अडीच. ऊवेचं अडीच. रेनाटेचं पावणेतीन.

"सिलेंडर धरून मोज!" रेनाटे म्हणाली.

"नळी म्हणजे नळी," ऊवे म्हणाला. त्याचा आवाज मात्र नियम सांगतानाचा नव्हता.

डीटरने आपलं रिव्हॉल्व्हर उचलून हीटरवर ठेवलं. "तापलं की लोखंड वाढतं. लेथवर पन्नास वर्षं बघितलंय. अर्धा इंचच तर हवाय!"

बाबांनी ताबडतोब रुमाली कागदावर गणित मांडलं. अक्षरं वाकडीतिकडी होत होती, पण ते मांडत राहिले. सगळे वाकून बघत होते.

"सोळा हजार डिग्रीच्या वर तापवावं लागेल," बाबा म्हणाले. "त्याच्या खूप आधी नळी वितळेल. मग आपण."

"हो," डीटर म्हणाला, "पण तोपर्यंत कॉफी गरम राहील!"

सगळे हसले. रेनाटे हसता हसता उठून बाहेर गेली आणि बराच वेळ आली नाही.

*

मग चौघांनी आपापली हत्यारं शहरातल्या एका दुकानदाराला देऊन टाकली. बाबांबरोबर मी गेलो होतो.

दुकानदार तरुण होता. फॉर्म भरता भरता विचारत होता. बोअर? नंबर? वर्ष? बाबा सांगत होते. मग त्याने रिव्हॉल्व्हर उजेडात धरून फिरवलं आणि विचारलं, "एकूण अवस्था?"

"मालकापेक्षा चांगली," बाबा म्हणाले.

दुकानदार हसला. त्याला वाटलं, विनोद आहे. फॉर्मवरची सही त्याने तीनदा बघितली, कार्डावरच्या सहीशी ताडून. मग म्हणाला, "सॉरी, ही जुळत नाही. पुन्हा एकदा करता?"

बाबांनी पुन्हा केली. ती त्याहून वाईट आली. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. शेवटी त्याने पासपोर्ट मागितला, फोटो बघितला आणि शिक्का मारला.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "गाडी तू चालव." त्या दिवशी रात्री त्यांनी आईला सांगितलं. आई म्हणाली, "मला वर्षभर माहीत आहे. कपबशीचा आवाज येतो तुमच्या."

*

आता शेवटचा.

हत्यारं गेली तरी कार्ड टिकवायला वर्षातून एकदा पुस्तकात नोंदीसाठी मारावं लागायचं. पंचवीस मीटर, पाच गोळ्या, पन्नासपैकी गुण. पंचविसाच्या खाली आले तर ऊवे सही करत नसे, मग समोर कुणीही असो. आता सगळ्यांना क्लबाची चार इंची रिव्हॉल्व्हर वापरायची होती.

मी बाबांना आदल्या दिवशी म्हटलं, "नाही गेलं तर?"

ते म्हणाले, "न जाता हरायचं नाही. जाऊन बघू."

शनिवारी सकाळी चार नंबरच्या लेनमध्ये बाबा, पाच नंबरमध्ये डीटर. मी बाबांची पाच काडतुसं भरली. बाबांनी दोन्ही हातांनी रिव्हॉल्व्हर धरलं. नळीचं टोक हलत होतं, आणि आता ती नळी लांब होती. ऊवे मागे उभा होता. त्याला दिसलंच असणार. रेनाटे बाकावर बसून स्वतःच्या बुटांकडे बघत होती.

"सुरू," ऊवे म्हणाला.

बाबांचा पहिला बार झाला. लगेच शेजारी डीटरचा. मग बाबांचा, मग डीटरचा. पाच आणि पाच. डीटर दरवेळी बाबांनंतरच मारत होता, घाई न करता, जसा तो नेहमी मारतो.

हत्यारं रिकामी करून झाली. ऊवेने बटण दाबलं आणि तारेवरून दोन्ही कागद सरकत आले.

डीटरचा कागद कोरा होता. एकही भोक नाही.

बाबांच्या कागदावर दहा होती. पाच इकडेतिकडे, एक तर अगदी कोपऱ्यात. आणि पाच मधोमध, एका युरोच्या नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळ.

ऊवेने मोजली. पुन्हा मोजली. कोपऱ्यातल्या भोकावर त्याने नकळत अंगठा ठेवला. मग पेन काढलं, पुस्तक उघडलं. पानावर टेकवलेलं पेन पुढे सरकेना.

"सर्वोत्तम पाच मोजायचे असा नियम आहे," तो म्हणाला. असा कुठलाही नियम नाही.

बाबा कागदाजवळ गेले. चष्मा वर करून त्यांनी मधली पाच भोकं बघितली, जसा ते कंपनीत दुसऱ्याने केलेला पार्ट बघतात. मग डीटरकडे वळले.

"पाचही हुकले?"

"पाचही," डीटर म्हणाला.

"लाज वाटायला पाहिजे तुला!"

"वाटते. वय झालं."

बाबांनी मान हलवली. क्लबाचं रिव्हॉल्व्हर उघडून, रिकामं असल्याचं ऊवेला दाखवून, त्याच्यासमोर ठेवलं.

"ऊवे, त्याचं शून्य लिही," ते म्हणाले. "आणि माझंही."

ऊवेने डीटरकडे बघितलं. डीटरने आपलंही रिव्हॉल्व्हर शेजारी ठेवलं आणि कोट घातला.

"म्हणजे बरोबरी!" तो म्हणाला. "चल, कॉफी तुझ्याकडून."