कुसाबाबाईंची मुकी बंदूक

कुसाबा तामिए या बाईंना राग येत असे, असे म्हणणे पुरेसे नाही. राग त्यांच्याकडे कायमचा मुक्कामाला होता. जपानमधील चिबा प्रांतातील शाळांना दुपारचे जेवण पुरवणाऱ्या एका मोठ्या स्वयंपाकघरात त्यांनी उमेदीची सारी वर्षे काढली. तेथील वाफेची कढई तापेनाशी झाली, की बाई आधी तिला शिव्या देत आणि मग तिची झडप साफ करीत. हळू बोला, असे प्रत्येक वरिष्ठाने त्यांना सांगून पाहिले होते. बाई मान लववून होकार देत आणि वळताच पुन्हा तशाच गरजत.

खोट्या बंदुका घेऊन लुटुपुटूची लढाई खेळायच्या खेळात त्यांना ओढले ते शेजारच्या न्हाव्याने, ओगुरि फुमिओ यांनी.

"रविवारी आमच्या गटात एक माणूस कमी पडतोय, कुसाबा-सान. या की."

"मी येऊन काय करू? बंदूक धरायची कशी तेही ठाऊक नाही मला."

"भात ढवळायचं फावडं धरता ना, तशी धरा. आणि तिथं कितीही ओरडलात तरी कोणी गप्प करणार नाही."

हे शेवटचे वाक्य बाईंना पटले. स्वयंपाकघरातील रबरी बूट घालूनच त्या गेल्या. देवदार आणि बांबूच्या त्या रानात, पिंपांच्या आडोशाला पोटावर पडून, त्यांना असे काही सापडले की पुढे त्यांचा एकही मोकळा रविवार घरी गेला नाही. नवरा केव्हाच वेगळा झाला होता आणि मुलगी दूर होक्काइदोला नांदत होती. आठवड्यातून एकदा कोणी नावाने हाक मारावी, अशी जागा त्यांना तेवढीच होती.

या खेळाचा कणा म्हणजे माणसाचा शब्द. विजेच्या बंदुकीतून सुटणारी प्लास्टिकची गोळी अंगावर खूण ठेवीत नाही आणि झाडीत पंचाला दिसतही नाही. ज्याला लागली त्याने स्वतःच हात वर करून "लागली" म्हणायचे आणि बाहेर जायचे. म्हणूनच तेथे वाईट नेम चालतो, म्हातारपण चालते, भित्रेपणासुद्धा चालतो. लबाड हा शब्द मात्र ज्याला चिकटला, त्याच्याशी कोणी खेळत नाही.

फेब्रुवारीतील एका रविवारी तो शब्द कुसाबाबाईंना चिकटला.

रानातील त्या मैदानावर केवळ एकेरी मार चालतो. एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटली पाहिजे. बंदुकीवरील खटका सलग मारावर नेण्यास सक्त मनाई आहे. त्या सकाळी बाई आपल्या गटाच्या निशाणाजवळ पिंपाआड दबा धरून बसल्या होत्या. समोरून हायासे आला. तो विम्याच्या कचेरीत काम करणारा, तिशी ओलांडलेला, बोलण्यात आगाऊ असा गडी होता. बाईंनी नेम धरून चाप ओढला. बंदूक मुकी. पुन्हा ओढला. आतल्या मोटारीची कुरकुरही नाही.

"अगं बोल ना, टवळे," बाई दात खाऊन म्हणाल्या.

बांबूआडून हायासे हसला. "काय काकू, बंदुकीलाही डुलकी लागली का?"

बाईंना हे दुखणे ठाऊक होते. थंडीत बॅटरी मलूल पडली, की आतील दातेरी चाके स्प्रिंग ओढता ओढता मध्येच थांबतात. एकेरी मारात प्रत्येक गोळीनंतर वीज तोडणारी एक पट्टी असते. ती अर्ध्या वाटेवर अडकून राहते आणि चाप कितीही ओढला तरी वीज आत जात नाही. यावर उपाय एकच. खटका सलग मारावर न्यावा म्हणजे ती पट्टी आड येत नाही, चाके आपला फेरा पुरा करतात आणि बंदूक मोकळी होते. परंतु हा उपाय मैदानात करायचा नसतो. हात वर करून बाहेर यावे, गोळ्यांची पेटी काढावी आणि मगच तो करावा.

हे सारे माहीत असूनही हायासेचे हसणे बाईंच्या डोक्यात गेले. त्यांनी तेथेच खटका फिरवला, नळी जमिनीकडे केली आणि चाप ओढला. बंदूक मोकळी झाली, पण तिच्यासोबत तीन-चार गोळ्याही सुटल्या. त्या गोठलेल्या मातीवरून उसळून हायासेच्या नडगीला लागल्या. त्याने नियमाप्रमाणे हात वर केला, बाहेर आला आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ही काकू सलग मारते. लबाड आहे."

मैदानाचे मालक सोएजिमा पूर्वी पोहणे शिकवीत. त्यांचा स्वभाव तलावाच्या फरशीसारखा थंड आणि सपाट होता.

"सलग मारली का, कुसाबा-सान?"

"मारली."

"मग विषय संपला."

"कसा संपला? मारली, ही चूक झाली. पण लबाडी नाही केली. बंदूक अडकली होती."

"अडकली होती असं सगळेच म्हणतात."

"मी सगळे नाही."

सोएजिमांनी जरा विचार केला. "जेवणानंतर सर्वांसमोर एकेरी मारून दाखवा. अडकली तर ती चूक, आजच्यापुरतं बाहेर बसायचं. नाही अडकली, तर फाटक तुम्हाला कायमचं बंद."

दुपारी मांडवात सगळ्यांना करी-भाताच्या थाळ्या वाटल्या गेल्या. हे मैदान सुटले तर आपल्याला कुठे जाता येईल, या विचाराने बाईंनी थाळी तशीच बाजूला सारली. हातांना काही काम हवे म्हणून त्यांनी दर जेवणाच्या सुट्टीत करीत त्या सवयीने बंदुकीतील बॅटरी काढली आणि ताजी घातली. आपण काय केले, हे त्यांच्या ध्यानातही आले नाही.

जेवणानंतर गोळ्या रिकाम्या करायच्या जाळीच्या पेटीसमोर सारे जमले. बाईंनी चाप ओढला. गोळी सुटली. पुन्हा सुटली. बंदूक शहाण्या लेकरासारखी प्रत्येक हाकेला ओ देत राहिली.

"छान बोलते की," हायासे म्हणाला. चारजण हसले.

तेव्हा ओगुरि हळूच म्हणाले, "बॅटरी बदललीत का?"

बाईंचा चेहरा उतरला. "जुनी कुठंय?"

"मी चार्जरला लावली. म्हटलं, तुम्ही रागात विसराल."

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं हो? पुरावा होता तो माझा. पुरावा चार्जरला लावलात तुम्ही."

"चांगल्या मनानं केलं, कुसाबा-सान."

"तुमचं चांगलं मन गिऱ्हाइकांच्या डोक्याला लावत जा."

सोएजिमा उठू लागले. बाई त्यांच्या वाटेत उभ्या राहिल्या. "ही बॅटरी मी इथंच संपवते. मग बघा."

"पुढचा खेळ सुरू करायचाय मला."

"करा. साक्षीला याला ठेवा. ज्यानं शब्द वापरला, त्यानंच बसावं."

हायासेला नाही म्हणता येईना. इतर सारे रानात गेले. बाई जाळीच्या पेटीसमोर एक-एक गोळी मारीत राहिल्या. ओगुरि अपराधी चेहऱ्याने बंदुकीची गोळ्यांची पेटी भरून देत होते आणि बाई त्यांच्याकडे न बघता ती हिसकावून घेत होत्या. वारा बोचरा होता. चापाच्या बोटाची कातडी सोलवटली, तेव्हा बाईंनी त्यावर पट्टी चिकटवली आणि पुन्हा सुरुवात केली.

ओगुरिंना राहवेना. ते कुजबुजले, "चाप अर्धवट ओढून झटकन सोडा. लगेच अडकेल."

"नाही."

"कोणाला कळणार आहे?"

"मैदानात मी पुरता ओढला होता. इथंही पुरताच ओढणार. अडकायची असेल तर तशीच अडकेल, नाहीतर मी लबाड ठरेन. मधलं काही नको मला."

हे हायासेने ऐकले. तोवर तो मोबाइलमध्ये डोके घालून बसला होता. आता त्याने तो खिशात घातला आणि खुर्ची पुढे ओढली.

सावल्या लांबल्या. मोटारीचा आवाज आधी जड झाला, मग रडका झाला. बाईंनी आणखी एकदा चाप ओढला आणि बंदूक मुकी झाली.

"घे," त्या हायासेला म्हणाल्या. "तूच बघ. मी हात लावत नाही."

हायासेने चाप ओढला, काही झाले नाही. बाईंनी एखादी तार सैल केली असावी, असा त्याला संशय आला. त्याने बॅटरीची जोडणी उघडून पुन्हा घट्ट केली. फ्यूज डोळ्यासमोर धरून पाहिला, तो शाबूत होता. मोटारीच्या बुडावर मुठीने ठोकले. बंदूक मुकीच. मग त्याने गोळ्यांची पेटी काढली, खटका सलग मारावर नेला, नळी जाळीत धरली आणि चाप ओढला. खाटकन आवाज करून चाके सुटली आणि नळीत उरलेली गोळी जाळीत आदळली. पुन्हा एकेरीवर आणताच बंदूक कुरकुरत का होईना, चालू लागली.

त्याने बंदूक खाली ठेवली. मग उभा राहून कमरेत वाकला. "माफ करा, काकू. चुकलं माझं."

कुसाबाबाईंचा राग अशाने उतरणारा नव्हता. "इथं तिघांत कशाला वाकतोस? सकाळी सगळ्यांसमोर बोललास ना?"

दिवसाच्या अखेरीस सारे खेळाडू फाटकाजवळ रांगा करून उभे राहिले. हायासेने जे पाहिले ते सोएजिमांना सांगितले होते. सोएजिमांनी जाहीर केले की कुसाबा-सान यांच्याकडून नियम मोडला गेला, त्याबद्दल त्या आजच्यापुरत्या बाहेर होत्या आणि ती शिक्षा भोगून झाली. मग त्यांनी हायासेला पुढे बोलावले. त्याने जमिनीकडे पाहत सांगितले, "मी कुसाबा-सानना लबाड म्हणालो. त्या लबाड नाहीत. शब्द मागे घेतो."

कोणीतरी टाळी वाजवायला हात उचलले, तोच रांगेतून बाईंचा आवाज आला.

"मागच्या रांगेला ऐकू नाही आलं."

हायासेचे कान लाल झाले. त्याने मान वर केली आणि पुन्हा एकदा, सकाळी ओरडला होता तेवढ्याच मोठ्या आवाजात, सारे वाक्य पहिल्यापासून म्हटले.

"आता आलं," बाई म्हणाल्या.