पाहुणीची बोळवण

माझ्या दोन वर्षांच्या मुलीला गोवर निघाला, पण सौंसरच्या आमच्या घरात 'आजार' हा शब्द कोणी काढला नाही. सासूबाईंनी दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला, फोडणी बंद केली आणि शेजारणीला कौतुकानं सांगितलं, "आदिमाया पाहुणी आली आमच्याकडं." जिच्या पोटातून सगळं जग निघालं ती माय म्हणे माझ्या एवढ्याशा पोरीच्या अंगात मुक्कामाला! पाहुणीला सुई टोचत नाहीत, म्हणून नर्सबाई दारावरूनच परत गेली. नवरा कोपऱ्यात वहाणा शोधत बसला.

पाचव्या दिवशी पुरळ मावळलं, ताप मात्र हटेना. श्वासागणिक पोरीच्या बरगड्या आत ओढल्या जात. मी देवीला हात जोडले, मग शिव्या दिल्या, मग शिव्यांची माफी मागितली.

"आत्याबाई, तिले नागपूरले नेऊ द्या," मी सासूबाईंना म्हणाले.

"घरी आलेल्या मायले हाकलतं का? कोपली तं?"

भांडून त्या घरात काडी हलत नसे. रीतीनं हले. माता उतरली की ओटी भरून तिला गावाबाहेरच्या देवळात पोचवायची, ही रीत मला आठवली.

"हाकलत नाही, बोळवण करून राहिलो," मी म्हणाले. "मुक्काम झाला ना तिचा."

सासूबाई उठल्या. तांदूळ, नारळ, खण घेतला, पोरीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि देवीच्या नावानं माझी ओटी भरली. म्हणाल्या, "जाय. पण मांगं वळून पाहू नोको. पाहिलं का पाहुणी परत येते."

"मी येतो मांगून स्टँडवर," नवरा माझ्या कानाशी म्हणाला.

देवळाकडे वळलेच नाही. ओटीसकट नागपूरच्या गाडीत चढले. दवाखान्यातले डॉक्टर रागावले, दोन दिवस आधी का नाही आणली म्हणाले.

तिसऱ्या दिवशी पोरीचा श्वास थांबला. तोच खण तिच्यावर पांघरून तिला घरी आणली. सासूबाई दारातच उभ्या होत्या. खण सारून त्यांनी पोरीचं तोंड पाहिलं, आणि विचारलं मलाच.

"मांगं पाहिलं होतं का तू?"

"पाहिलं होतं," मी म्हणाले. "गाडी सुटेपर्यंत पाहत होतो. तुमचा पोरगा येते का म्हणून."