खिमटाची वेगळी चक्की

आंधळगावात सुखरामला नावानं हाक मारणारी माणसं थोडी. बाकीच्यांना तो चक्कीवाला. बाजाराच्या मागल्या अंगाला टिनाच्या छपराखाली त्याची चक्की. सकाळी मोटर सुरू झाली की भिंतीला टेकलेला माणूस बसल्या जागी थरथरे, आणि दुपारपर्यंत सुखरामच्या भुवया, कानातले केस, गळ्यातला गमछा, सगळं एकाच रंगाचं होई. त्याची बायको शकुनबाई म्हणायची, "या माणसानं आंघोळ केली का न्हाणीतून लापशी वाहते." मोटरीच्या आवाजात जन्म गेल्यामुळे तो घरीही ओरडूनच बोले. देवाजवळ मनातल्या मनात मागितलेलंही शेजारी ऐकू जाई.

अशा माणसाच्या पोटात एक गोष्ट जाऊन बसली आणि ती काही केल्या बाहेर येईना. एकोणऐंशीच्या चैतातली गोष्ट.

चैतात वर्षाचं तिखट दळायचं. सुखरामकडे चक्की एकच, म्हणून मिरचीला त्यानं शुक्रवार लावून दिला होता. त्या दिवशी नाकाला फडकी बांधून बाया यायच्या, शिंकायच्या, डोळे पुसायच्या, आणि रडायला निमित्त मिळालंच आहे तर सासवांची गाऱ्हाणी सांगून घ्यायच्या. मिरची संपली की चक्कीत टोपलंभर कोंडा घालायचा आणि तो फेकून द्यायचा. मग ढोरांचं भरडं काढायचं. तेव्हा कुठं माणसाच्या दळणाला हात लावायचा. हा नेम सुखरामनंच घातलेला, आणि त्याचा त्याला मोठा ताठा.

त्या शुक्रवारी मिरची उन्हं उतरेपर्यंत चालली. कोंडा संपला होता, आणायला घरी जावं लागलं असतं. पोटात भूक खवळलेली. मोटर बंद करणार, तोच बौद्धपुऱ्यातली तुळसा डबा घेऊन दारात उभी राहिली. गुलाबची बायको. नवरा रोज तुमसरला राइस मिलमध्ये हमालीला जायचा, घरात सासू बायजाबाई आणि पहिलीच लेक. नर्सबाईनं लेकीला वरचं सुरू करायला सांगितलं होतं. तुळसानं तांदूळ अन् मुगाची डाळ धुऊन, वाळवून, मंद जाळावर भाजून आणली होती. त्याचं पीठ करायचं आणि पाण्यात शिजवून लेकीला खिमट भरवायचं.

"भाऊ, आज मिरची होती ना? मंग उद्या येऊ का?"

"उद्या काहून? साफ केली चक्की. टाक."

दगड तापलेले आहेत, राहिलंसाहिलं जळून गेलं असेल, असं त्यानं मनाला सांगितलं. मनाचं काय, सांगाल ते ऐकतं. डबाभर पीठ निघालं. भाजलेल्या दाण्याचा रंग मुळातच तांबूस, त्यात काय दिसणार? तुळसा "येतो भाऊ" म्हणून निघून गेली. सुखराम जेवायला गेला आणि पोटभर जेवला. पुढं त्याला हेच जास्त सलायचं. त्या दिवशी तो पोटभर जेवला होता.

दुसऱ्या दिवशी पुऱ्यात लेकराच्या किंचाळ्या. ओठ सुजले, तोंड लाल झालं, मग जुलाब. दवाखान्यातल्या डॉक्टरनं औषध दिलं, लेकरू वाचलं. पण चमचा दिसला की ते ओठ गच्च मिटून घ्यायचं अन् मान फिरवायचं. अंगावरचं दूध पुरेना. मांड्यांची कातडी लोंबायला लागली.

बायजाबाई चक्कीवर आली, तेव्हा रांगेत बाया बसलेल्या.

"चक्कीवाले, माही सून म्हणते, तुमी चक्की साफ केली म्हणून सांगतलं. खरं का?"

सगळ्यांच्या माना वळल्या. सुखराम ओरडून बोलणारा माणूस, ओरडूनच बोलला, "हो ना, बाई! कोंडा टाकल्याबिगर मी दळतो का कधी?"

सगळ्यांना पटलं. पटणारच. ते रोजचं खरं होतं, त्या एका दिवशीच तेवढं खोटं होतं.

"मंग हिच्याच हाताचं तिखट," बायजाबाई म्हणाली. "मिरच्या खुडल्या अन् तशाच हातानं लेकराचं केलं. अन् वरून चक्कीवाल्याचं नाव घेते, साळसूद!"

त्या दिवसापासून तुळसाला स्वतःच्या लेकीला भरवायची मनाई झाली. अंगावर पाजायचं तेवढं तिनं, वाटी-चमचा सासूच्या हाती. गुलाबनंही बायकोशी बोलणं टाकलं. शकुनबाईनं हे पाणी भरता भरता ऐकलं आणि घरी येऊन सांगितलं. सुखरामचा घास तोंडातच राहिला.

"काय झालं?" शकुनबाई म्हणाली. "खडा आला का?"

"हो," तो म्हणाला.

मग त्याच्या डोक्यात वेगळ्या चक्कीनं घर केलं. लहानशी चक्की, फक्त लेकरांच्या खिमटासाठी. तिच्यात मिरची नाही, ज्वारी नाही, काहीच नाही. म्हणजे असं पुन्हा होणारच नाही. असं पुन्हा होणार नाही म्हटलं की झालं ते जरा लहान दिसायचं.

शकुनबाईला हे ऐकून हसावं की रडावं कळेना. "गावात लेकरं किती अन् त्याइचं दळण किती? मूठभर पिठापायी चक्की! घरावरचे कवेलू बदलायचे आहेत ते दिसून नाई राहिलं का तुमाले?"

"लेकराइचं काम आहे. पुण्य लागते."

"पुण्य पाह्यजे तर लेकराइचं फुकट दळून द्या. पुण्याले मोटर कायले लागते?"

 तरी तो भंडाऱ्याला गाडी बदलून लाखनीला गेला. तिथं सडकेच्या कडेला श्रावण नावाचा पोरगा जुन्या मोटरी-पंप विकायचा. त्याच्याकडे घागरीएवढी चक्की होती, पूर्वी कुण्या वैद्याची औषधं दळायची. श्रावणनं ती लावून दाखवली. एवढीशी चक्की, पण फिरली की मांजरासारखी गुरगुरे. मागून ट्रक गेला की तिचा आवाजच बुडे.

"कायले पाह्यजे, काकाजी? हळदीले?"

"नाई."

"मसाल्याले?"

"नाई गा. नाजूक दळण आहे."

"नाजूक म्हंजे? सोनं दळता का काय?"

सुखराम हसला नाही. त्यानं चक्कीच्या दगडावरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. कसलाच वास नव्हता. ती चक्की त्याला न्हाऊन आलेल्या माणसासारखी वाटली. आणि आपण तिच्याजवळ उभे राहिलो तर तिलाही आपला वास लागेल, असंही वाटलं. "बाजारानंतर सांगतो," म्हणून तो परतला.

गावात गोष्ट लपत नाही. चक्कीला लागूनच भैय्यालालचं किराणा दुकान. त्यानं विचारलंच, "वेगळी चक्की आणून राहिला म्हणते?"

"इचार आहे."

"कोनासाठी?"

लेकरांसाठी म्हटलं की काहून म्हणून विचारणार, आणि काहूनचं उत्तर देणं आलं. सुखराम म्हणाला, "आहे एक नाजूक काम."

भैय्यालालनं इकडेतिकडे पाहिलं आणि जवळ सरकून हळूच म्हणाला, "समजलं. मी तं तू चक्की लावली तवाच म्हटलं होतं. उशिरा का होईना, अक्कल आली. त्या पुऱ्याचं दळण लहानीवर, आपलं मोठीवर. कोनाले बोलायची जागा नाई."

 चक्की लागली तेव्हा काही जणांनी खरंच म्हटलं होतं, की बौद्धांचं दळण आमच्या मागून काढ, नाहीतर त्यांना वेगळा वार दे. तेव्हा सुखराम चौकात ऐकू जाईल असा ओरडला होता, "जो रांगेत पुढं त्याचं दळण पुढं! नाई पटत त्यानं घरी दळावं!" आयुष्यात धड असं हे एकच काम आपल्या हातून झालं, असं तो समजायचा.

"नाई, तसं नाई," तो म्हणाला.

"मंग कसं?"

सुखरामनं तोंड उघडलं आणि मिटलं. भैय्यालालनं हसून त्याची पाठ थोपटली, हातावरचं पीठ झटकलं आणि तो दुकानात गेला.

दुसऱ्या दिवशी पुऱ्यातली एकही बाई चक्कीवर आली नाही. त्याच्या पुढल्या दिवशीही नाही. कोणी म्हणालं, त्या मोहाडीला दळण नेऊन राहिल्या. डोक्यावर पायल्या घेऊन, एवढ्या उन्हात. मग संध्याकाळी गुलाब आला. दळण नव्हतं त्याच्याजवळ.

"सुखरामभाऊ, आमच्यासाठी वेगळी चक्की आणून राहिले म्हणते?"

"तुमच्यासाठी नाई रे! लेकराइसाठी. खिमटासाठी."

"खिमटासाठी काहून? तुमी तं कोंडा टाकूनच दळता."

मोटर बंद होती. सुखरामला वाटलं, आता सुरू असती तर बरं झालं असतं.

"त्या दिवशी नव्हता टाकला," तो म्हणाला.

गुलाबला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो मटकन पोत्यावर बसला. "मी तिच्याशी बोललो नाई इतके दिवस," तो म्हणाला. "माह्याकडे पाहे ते, अन् मी भिंतीकडे पाहो." मग उठून उभा राहिला. "मले कायले सांगता? जिच्यावर आलं तिले सांगा. चाला."

सुखराम त्याच्या मागून निघाला. पुऱ्यातल्या ओट्यांवरची माणसं त्याला पाहून बोलायची थांबत होती.

अंगणात बायजाबाई लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. चमचा पुढे नेई, लेकरू मान फिरवी. तुळसा दूर चुलीजवळ होती. सुखराम जे बोलला ते त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही.

"काय म्हणता?" बायजाबाई म्हणाली. "चक्कीवर तं लई ओरडता."

त्यानं पुन्हा सांगितलं. बायजाबाईचा चमचा हवेतच राहिला. "अरे, मी तुह्या दारात येऊन इचारलं होतं रे! सगळ्या बायाइसमोर! अन् तू मले तोंडावर सांगतलं..."  सुनेकडे तिला पाहताच येईना.

तुळसा उठली. तिनं सासूच्या हातातून वाटी घेतली, मग लेकराला घेतलं. चमचा बाजूला ठेवला, बोटावर जराशी पेज घेऊन लेकराच्या ओठाला लावली. लेकरानं ओठ मिटले. तिनं बोट काढलं नाही.

"म्या इचारलं होतं, उद्या येऊ का म्हणून," ती लेकराकडेच पाहत म्हणाली.

"हो."

"मंग?"

"भूक लागली होती, माय."

हे बोलल्यावर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भूक हा शब्द या अंगणात त्यानं उच्चारायला नको होता. सावरायला म्हणून तो घाईघाईनं म्हणाला, "मी नवी चक्की आणतो. लेकराइपुरती. मंग असं होणारच नाई."

"त्या चक्कीवर कोन राहीन? तुमीच ना?"

सुखरामनं मान डोलावली.

"आणा का नका आणू, माह्यासाठी नका आणू. त्या दिवशी बायाइसमोर बोलले, आता बी त्याइच्यासमोरच बोला."

बाजाराच्या दिवशी चक्कीवर गर्दी मावत नव्हती. मधेच सुखरामनं मोटर बंद केली. बायांनी आधी दिव्याकडे पाहिलं. "बिजली गेली का?" कोणीतरी म्हणालं.

"नाई गेली. मले बोलायचं आहे."

आणि तो बोलला. कोंडा, मिरची, तुळसाचं विचारणं, बायजाबाईसमोरचं खोटं, सगळं. बाया ऐकत राहिल्या. मग एकदम गलका झाला. "बाई, बाई! आन आपन तिले काय काय म्हटलं!" "आमच्या दळणात काय काय गेलं असन बाप्पा!" एक म्हातारी उठली आणि आपलं टोपलं घेऊन चालती झाली. तिच्यामागून आणखी काही गेल्या.

भैय्यालाल दुकानाच्या पायरीवर आला होता. "अन् मंग ते वेगळी चक्की?"

"लेकराइसाठी होती. तुमाले जे वाटलं ते माह्या मनात नव्हतं," सुखराम म्हणाला. "पन मी तुमाले वाटू देल्लं. तेबी माहंच." मग पुऱ्याच्या दिशेला पाहत पूर्वीच्याच आवाजात ओरडला, "चक्की एकच राहीन! रांगबी एकच!"

लाखनीला त्यानं नको म्हणून निरोप धाडला. शकुनबाई फक्त एवढंच म्हणाली, "मले वाटलंच होतं. कवेलूचे पैसे माणूस उगाच कायले मोडन?" आणि त्याच्या ताटात भाकर वाढून उठून गेली. जवळ बसली नाही.

पुऱ्यातल्या बाया हळूहळू परतल्या. तुळसा मात्र आली नाही. लेकरू बोटावरून चाटायला लागलं आहे, असं कानावर आलं तेव्हा सुखरामला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

पावसात धानाची रोवणी लागायच्या सुमारास एका सकाळी ती आली. कडेवर लेक, हातात डबा. रांगेतल्या बायांनी तिला पुढं जाऊ दिलं. वार शुक्रवार नव्हता, तरी सुखरामनं टोपलंभर कोंडा घातला, तिच्यासमोर काढला, फेकला. मग तिचं भाजलेलं धान्य घातलं. कापडी सोंडेतून पीठ यायला लागलं तशी तुळसा वाकली. तिनं चिमूटभर पीठ घेतलं आणि त्याच्यापुढं धरलं.

"घ्या."

सुखरामनं ते जिभेवर ठेवलं. तांदूळ, मूग, भाजल्याचा खमंग वास. दुसरं काही नव्हतं. तरी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कसं लागते?"

"साजरं."

"गिळा."

कोरडं पीठ टाळूला चिकटलं होतं. तो गिळेपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग तिनं डब्याचं झाकण लावलं.

मागं ज्वारीचं टोपलं घेऊन बसलेली एक बाई म्हणाली, "मंग आमचं बी चाखा ना, चक्कीवाले!"

बाया हसल्या. तुळसा हसली नाही. सुखरामनं त्या टोपल्यातले दाणे चक्कीच्या वरच्या डब्यात ओतले, पीठ आलं तशी चिमूट घेतली आणि तीही तोंडात टाकली.